वेसणीचे छिद्र

ट्रक गोणीतून आला. अमडापूरहून येणाऱ्या गाडीच्या वाहकाने ती गोणी चिखलीच्या स्थानकावर माझ्या हाती दिली आणि "बाबा, वजन हाय हो, सांभाळून," एवढेच म्हणाला. वजन होते. गोणी सरकीची होती. शिवण उसवली तेव्हा आधी सरकीचा भुसा सांडला, मग चाके दिसली.

ट्रक खेळण्यातला आहे. हातभर लांब, परदेशी बनावटीचा, रेडिओच्या लहरींवर चालणारा. हातातल्या डबीवरची काडी पुढे लोटली की तो पुढे जाई, डावीकडे लोटली की डावीकडे वळे. आता त्याचे प्लास्टिकचे केबिन उन्हाने तडकले आहे, मोटार जळाली आहे आणि मागचा हौदा एका अंगाला वाकला आहे. धड उरला आहे तो खालचा लोखंडी सांगाडा, तोही गंजलेला. एसटीच्या कार्यशाळेत मी आयुष्य काढले. तिथे आम्ही या सांगाड्याला चेसिस म्हणत असू. वरची गाडी कितीही खिळखिळी होवो, चेसिस सरळ असेल तर गाडी आहे, नाहीतर ते भंगार आहे, अशी आमची समजूत होती. निवृत्तीनंतरही मी ती बदललेली नाही.

गोणीच्या पाठोपाठ धाकट्या भावाचा, भास्करचा, फोन आला.

"दादा, भेटली का गोनी?"

"भेटली."

"वरचं राहू दे. खालचा ढाचा तेवढा नीट कर. नवा दिसला पायजे. दसरा झाला की मी जालन्याले पोरीकडे चाललो कायमचा. तिच्या घरी काचंच्या कपाटात ठेवाचा हाय."

भास्कर गावातले घर बंद करणार हे मला त्या वाक्यातून कळले.

दुसऱ्या दिवशी सांगाडा मेजावर घेतला आणि पहिल्यांदा छिद्र पाहिले. पुढच्या आडव्या पट्टीत, मध्यापासून किंचित डावीकडे, करंगळी जाईल न जाईल एवढे. कारखान्यातली छिद्रे जोडीने असतात. डावीकडे एक असेल तर उजवीकडेही एक असते, आणि त्यांच्या कडा गुळगुळीत असतात. हे एकटे आहे. याची कड खरखरीत आहे, बोटाला लागते. ते कोणी पाडले, कशासाठी पाडले आणि कुठे उभे राहून पाडले, हे मला माहीत आहे. नवा सांगाडा हवा असेल तर ते बुजवावे लागेल. मला ते बुजवायचे नव्हते. कामाला हात घातला तेव्हा माझ्यापुढे अडचण होती ती एवढीच.

आधी ट्रक सुटा केला. गंजलेला स्क्रू जोर लावून काढू नये. तेल सोडावे, वाट पाहावी, मग थोडा आवळावा आणि नंतर सैल करावा. कमानपाटे, आस, आडव्या पट्ट्या, सगळे वेगळे करून थाळीत मांडले. पट्ट्यांच्या आतल्या खोबणीत माती होती. काळी, आमच्या रानातली. ओली केल्यावर ती बोटाला तशीच चिकटली. खोबणीच्या कोपऱ्यात एका जागी पिवळसर थर होता. तो घासताना हळदीचा वास आला असे लिहिण्याचा मोह होतो. तसा वास आला नाही. थिनरचा आला.

हा ट्रक आमच्या घरात कसा आला, ते सांगितले पाहिजे. कापसाचे नवे बियाणे आले त्या वर्षांत बियाण्याच्या एका कंपनीचा एक माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरत असे. त्याचे नाव आम्हाला कधी नीट कळले नाही. गाव त्यालाच कंपनी म्हणे. "कंपनी आली का?" "आली, उस्मानभाईच्या घरी चहा पिऊन राह्यली." कंपनीच्या मामाने कुवेतहून आणलेला हा ट्रक होता. आठवडी बाजारात तो त्याच्या हौद्यात बियाण्याची पाकिटे रचून सोडून देई आणि स्वतः दूर लिंबाखाली उभा राही. ट्रक आपला आपण माणसांच्या पायांतून चालू लागे.

अमडापूरचा बाजार मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. तो त्या ट्रकच्या उंचीवरून पाहिला तो त्या एका हंगामात. माणसे खाली वाकून पाहत आणि त्यामुळे आपणही खाली पाहू लागत असू. धुळीने पांढरे झालेले पंजे, टायरच्या वहाणा, गुळाच्या ढेपेभोवतीच्या माश्या, पालाखालची ओल. तळणीचा आणि वाळक्या मिरचीचा वास एकमेकांत मिसळलेला असे, त्यात त्या मोटारीचा गरम, किंचित जळका वास येई. मोटार बारीक आवाजात गुणगुणे. एक म्हातारे बाबा कुत्र्याला हाकलावे तसे काठी आपटून "हट्! हट्!" करत मागे सरकले होते. मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या बाईने पदर खोचून सांगितले होते, "अवो कंपनी, माह्या मिरच्यावरून गेला न तुमचा टरक, तं टरकासकट बियानं घरी नेईन मी." बाजार हसला. कंपनीही हसली. त्या दिवशी पाकिटे संपली.

भास्करच्या रानात त्या वर्षी बोंडे चांगली भरली होती. कंपनीने तिथे पीकपाहणीचा कार्यक्रम केला, मंडप घातला, भास्करला शाल दिली. संध्याकाळी पाऊस आला. मोटारसायकलवर ट्रक भिजला असता, म्हणून कंपनीने तो आमच्या ओसरीत ठेवला आणि पुढच्या हंगामात नेतो म्हणाली. पुढच्या हंगामात दुसराच माणूस आला. त्याला ट्रकविषयी काही ठाऊक नव्हते.

त्या पहिल्या वर्षांचा कापूस मला आठवतो तो त्याच्या शांततेमुळे. वेचून आणलेला कापूस माजघरात आढ्यापर्यंत भरलेला असे. अशा खोलीत आवाज घुमत नाही. बोललेले शब्द तोंडाजवळच पडतात. रविवारी मी डेपोतून गावी जाई, तेव्हा दिवसभर हातोड्याचे आवाज ऐकलेल्या कानांना ती खोली बरी वाटे. ताज्या कापसाला उन्हाचा आणि थोडा गोडसर वास असतो. मानेवर त्याचे बारीक कुसळ टोचते. भास्करची बायको, कमल, हिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडलेले असत. ती माझ्यासमोर कधी थेट बोलली नाही. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्याशी भिंतीच्या आडून बोलते. "त्यायले म्हना, चहा निवून राह्यला." भिंतीला सांगितलेले मला पोचत असे.

कापूस नांदुऱ्याला जाई. गाडी भरली की ती घरापेक्षा उंच दिसे. गाडी ओढायला बांड्या आणि कोशा, आमची जोडी. बांड्या चपळ, कोशा मंद आणि समजूतदार. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असे, आणि रांग पुढे सरकली की सगळ्या बैलांच्या गळ्यातल्या घाट्या एकामागून एक वाजत जात. तो आवाज मला अजून नेमका आठवतो. तो ऐकू येण्याची जागा मात्र आता कुठे नाही.

नंतरच्या वर्षांत पानांना लाली चढू लागली. ज्या फवारणीची गरज नाही असे सांगितले होते, ती पुन्हा सुरू झाली आणि शर्टांना औषधाचा वास येऊ लागला. तो धुऊन जात नाही. का झाले, कोणामुळे झाले, हे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. मी त्यांच्यात नव्हतो, आजही नाही. एका उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा गोठा रिकामा होता. भास्कर म्हणाला, "जोडी गेली." गोठ्याचा वास जनावरे गेल्यावरही बरेच दिवस राहतो. मग एके दिवशी तो नसतो, आणि तो नेमका कधी गेला हे कोणाच्या लक्षात राहिलेले नसते.

त्यानंतर पोळा आला.

आमच्या गावी पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात आणि त्याखाली सगळ्या जोड्या रांगेने उभ्या राहतात; तोरण तोडले की पोळा फुटतो. रांगेतली जागा घराची असते. पुढे पाटलांची जोडी, मग ठरलेल्या क्रमाने बाकीची घरे. आमची जागा पाटलांपासून तिसरी. ती आजोबांनी मिळवली असे वडील सांगत; कशी, ते त्यांनाही माहीत नव्हते. रीत अशी की ज्या घराची जागा पोळ्याला रिकामी राहिली, तिच्यावर मागचे घर सरकते आणि एकदा सरकलेली जागा परत मिळत नाही. त्या जागेने पोट भरत नाही. तरीही गावात माणूस आधी त्या जागेने ओळखला जातो आणि मग नावाने.

मी भास्करला सांगितले, "एखाद्याची जोडी मागून आन."

"दुसऱ्याचे बैल माह्या जागेवर उभे केले, तं जागा त्याचीच झाली ना, दादा."

"मंग मातीचे बैल घरातच पूज."

"ते घरात. रांगेत काय उभं करू?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात. जुवाने घासलेल्या जागेवर कोमट तूप आणि हळद चोळतात, आणि उद्या जेवायला या असे त्यांना आमंत्रण देतात. त्या सांजेला मी ओसरीत बसलो होतो. कमल वाटी घेऊन बाहेर आली आणि गोठ्याकडे न जाता कोपऱ्यातल्या ट्रकजवळ बसली. तिने पुढच्या आसावर तूप-हळद चोळली. बैलाच्या खांद्यावर चोळतात तशीच, अंगठ्याने दाबून, घाई न करता. मग हळू आवाजात आमंत्रण दिले. माझी चाहूल लागली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्यायले सांगा, हसू नका म्हना."

मी हसलो नव्हतो. भास्करच्या मनात काय आहे, ते मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर भास्करने ट्रकवर झुलीचा तुकडा घातला, केबिनला बेगड लावली, हौद्याच्या दोन कोपऱ्यांना शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ फासला आणि तो उचलून वेशीवर नेला. जोड्या लागल्या होत्या. शिंगांच्या ताज्या रंगाचा, घामाचा, शेणाचा आणि आंब्याच्या पानांचा वास भरून राहिला होता. तिसऱ्या जागेवर त्याने ट्रक खाली ठेवला. रांगेतले बोलणे आधी थांबले आणि मग एकदम सुटले.

"भास्कर, शिंगं घरी इसरला काय बे?"

"खाते काय हा? पेंड का पेट्रोल?"

"सेल खाते," भास्कर म्हणाला.

"मंग शेन कायचं टाकते?"

कोणीतरी झडती म्हटली. पोळ्याला जोडाजोडीची कवने म्हणायची आमच्याकडे रीत आहे. त्यांना झडत्या म्हणतात आणि त्या जागच्या जागी रचतात.

"चाकामागं चाक, चाकाले रबर,
भास्करच्या बैलाले घामाची नाही खबर!"

मागून महादेवाचा गजर झाला. भास्करने डबीची काडी लोटली. ट्रक गुणगुणत हातभर पुढे गेला आणि थांबला. पाटलांचा उजवा बैल बिचकून बाजूला झाला.

पाटील तेव्हा म्हातारे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. ते काठी टेकत आले, ट्रककडे पाहिले, मग भास्करकडे.

"हे काय होय?"

"माहा बैल होय, आबा. जागेवर उभा हाय."

"उभा तं हाय." आबा हसले नाहीत. "पन बापू, आपल्या गावात पोळ्याले जनावर हाकलून आनत नाही. धरून आनतात. तू तिकडं बटन दाबलं, हे इकडं चाललं. मंग आनलं कोनं? वेसन दाखव. वेसन नाही, तं बैल नाही. मी काय करू?"

वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी. मागच्या घरचा धनी आपल्या जोडीचा कासरा आखडून उभा होता; पाऊल टाकले की तो आमच्या जागेवर येणार होता. त्याने पाऊल टाकले नाही, हेही नोंदवले पाहिजे. तो आबांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

उस्मानभाई आमच्या रांगेतच, पाच-सहा जोड्या मागे उभे होते. अमडापुरात त्यांचे पत्र्याच्या पेट्यांचे दुकान होते आणि गावात घर व थोडी जमीन. त्यांची जोडी दरवर्षी सगळ्यांत नेटकी सजलेली असे. ते पुढे आले.

"आबा, वेसनच पायजे ना?"

"वेसन पायजे."

"तं तोरन तोडू नका अजून. मी आलोच." त्यांनी आपल्या जोडीचा कासरा माझ्या हातात दिला. "भाईजान, जरा धरा. डावा लात मारते, मांगं उभे राहू नका."

ते घरून हाताने फिरवायचे ड्रिल घेऊन आले. ट्रक वेशीच्या ओट्यावर उताणा घातला. भास्करने तो दाबून धरला आणि उस्मानभाईंनी पुढच्या पट्टीत ड्रिल लावले. लोखंडाचा चुरा ओट्यावर पडला. लोक वाकून पाहत होते. "अरे, दुखून राह्यलं त्याले," कोणी म्हणाले. "नाक टोचताना दुखतेच," उस्मानभाई मान वर न करता म्हणाले. भास्करच्या हाताखाली ट्रक हलला, म्हणून छिद्र मध्यापासून थोडे सरकले. त्यातून अंबाडीची बारीक दोरी ओवली, गाठ मारली, तिला कासरा जोडला. डबी उस्मानभाईंनी आपल्या हातात घेतली. "तू पुढं हो," ते भास्करला म्हणाले, "मी हळूहळू आनतो."

आबांनी वेसण पाहिली. काठीच्या टोकाने तिला किंचित शिवले. मग मागे वळून म्हणाले, "तिसरी जागा भरली. वाजवा."

तोरण तुटले. भास्कर कासरा धरून वेशीतून गेला. पाठ सरळ होती. त्याच्यामागे ट्रक गेला, त्याच्या बाजूने डबी सांभाळत उस्मानभाई. मी कडेला त्यांची जोडी धरून उभा होतो. डाव्या बैलाने खरोखरच लाथ मारली. घरी कमलने ट्रकच्या चाकांवर पाणी घातले, ओवाळले आणि पुरणपोळीचा घास केबिनसमोर ठेवला.

मी एवढी वर्षे हा प्रसंग असाच मनात ठेवला होता: गावाने हसून का होईना, पण जागा राखली, आणि ती एका छिद्रावर राखली गेली. उस्मानभाई आता नाहीत. आबा नाहीत. कमल नाही. त्या दिवसाची खूण म्हणून जगात काही उरले असेल, तर ते पट्टीतले खरखरीत भोक. म्हणून मी भास्करला फोन केला.

"भास्कर, ते पुढच्या पट्टीतलं भोक राहू देतो."

"कोनतं?"

"उस्मानभाईनं पाडलेलं. वेसनीचं."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बुजव."

"काऊन?"

"नवा पायजे मनलं ना मी. पोरीच्या सासरी कोनी विचारलं, हे भोक कायचं, तं काय सांगत बसू?"

"खरं सांग. त्याच्यात शरम कायची? त्या भोकावर आपली जागा राह्यली."

"एक वरीस राह्यली. पुढच्या पोळ्याले मी गेलोच नाही. तुले मालूम हाय."

मला मालूम होते. पुढच्या वर्षी मागचे घर सरकले. गावात भास्करला बटनवाला म्हणत, तेही मला मालूम होते. मी ते थट्टा म्हणून धरले होते.

"दादा," तो म्हणाला, "तू कडेले उभा होता. तुह्या हाती उस्मानभाईची जोडी होती. खरी. तुले फक्त माही पाठ दिसली. माह्या हाती कासरा होता ना, त्याले वजनच नव्हतं. बैल असला की तो मांगून ओढते, आडते, मानेवर फुसकन करते. मांगं पाहा लागत नाही. त्या दिवशी मी सारखा मांगं पाहून राह्यलो, येऊन राह्यलं का नाही म्हनून. लोकायले वाटलं, ऐटीत पाहून राह्यला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबानं जागा देली, उस्मानभाईनं वेसन देली, मी नाही म्हनत नाही. भले मानसं होते. पन तो ढिला कासरा मलेच धराचा होता. बुजव तू."

ट्रक त्याचा होता आणि कासराही त्याच्याच हातात होता. मी त्या दिवशी पाहणारा होतो. पाहणाऱ्याला छिद्र जपावेसे वाटते, हा त्याचा हक्क नव्हे. मी बुजवायचे ठरवले, आणि बुजवायचेच तर नीट.

पातळ पट्टीवर लोखंडाचा टाका घातला तर ती उष्णतेने वाकते. म्हणून पितळ घेतले. ते कमी तापात वितळते. कड साफ केली, पितळ धरावे म्हणून टाकणखार पसरला, खाली कोळशाचा तुकडा धरला आणि बत्तीच्या निळ्या टोकाने पट्टी लाल होईतो तापवली. पितळाची कांडी टेकवली तशी ती पाण्यासारखी झाली आणि छिद्रात उतरली. थंड झाल्यावर पिवळा ठिपका राहिला, थोडा वर आलेला. तो कानशीने खाली आणला, मग पॉलिशपेपर, आधी जाड, मग बारीक, शेवटी पाणी लावून. अंगठा फिरवला. कळत नव्हते. डोळे मिटून फिरवला. तरीही नाही.

बाकीचा सांगाडा उघड्या लोखंडापर्यंत आणला. गंज खालपर्यंत गेलेला नव्हता. आत धातू पांढरा निघाला. खोबणीतली माती काढली. तो पिवळसर थरही काढला, कारण रंगाखाली परका थर राहिला की रंग तिथून सुटतो. रेड ऑक्साइडचा हात दिला, घासला, पुन्हा दिला. मग काळा इनॅमल, पातळ, तीनदा. गच्चीवर भाद्रपदाच्या उन्हात वाळत ठेवला. ढग आले की उचलून आत नेई, गेले की पुन्हा बाहेर. पट्ट्या सरळ होत्या. काटकोनी गुण्याने तपासल्या. स्क्रू नवे घातले. आसाला वंगण दिले, चाके बसवली. फिरवून पाहिली, थांबायला वेळ घेत होती, म्हणजे ठीक होती.

दसऱ्याच्या आधी भास्कर आला. बसने आला, हातात पिशवी. मी चहा ठेवला. त्याने ट्रक मांडीवर घेतला, उलटा केला, एकेक पट्टी पाहिली. पुढच्या पट्टीवर अंगठा फिरवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"कुठी होतं?"

"दिसत नाही ना?"

"नाही. लय साफ झालं." त्याने पुन्हा अंगठा फिरवला. "पन कुठी होतं?"

मला बोट ठेवून दाखवता आले असते. ठेवले नाही. मेजावर सांडलेले स्क्रू गोळा करण्यासाठी माझ्याकडे एक लहान लोहचुंबक आहे, बोटाच्या पेराएवढे. ते त्याच्या हातात दिले.

"पट्टीवरून हळू ओढ," मी म्हणालो.

त्याने ओढले. चुंबक पट्टीला धरून चालले. मध्याच्या थोडे डावीकडे ते हातात एकदम हलके झाले, कारण पितळ चुंबकाला धरत नाही. पुढे गेल्यावर त्याने पट्टी पुन्हा पकडली. भास्कर थांबला. चुंबक मागे नेले, पुन्हा आणले. त्याच जागी पुन्हा सुटले. तो बराच वेळ तेच करत बसला. चहावर साय धरली. मी तो त्याच्यापुढे सरकवला नाही.

मग त्याने ट्रक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. चुंबक सदऱ्याच्या खिशात टाकले आणि वर गुंडी लावली. मी ते परत मागितले नाही.